ओन्नीमामाचे सरळ बाण

ओटर हॉलो, उत्तर मिशिगन
२ सप्टेंबर १९६९

एल्मा,

सोबतच्या लांब खोक्यात सहा बाण आहेत, दरवर्षीसारखे. तू ते दरवर्षीसारखे भिंतीवर टांगशील आणि फ्लिंटमधल्या तुझ्या मैत्रिणी विचारतील, हे पडद्याचे दांडे का? हो म्हणून सांग. शहरातल्या माणसाला तेवढं पुरतं.

यंदा शिकारीच्या कॅम्पसाठी चार डझन बाणांना पाती बसवली, आणि एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. तुला आठवत असेल, डिंकाची कांडी स्पिरिटच्या दिव्यावर वितळवायची, पात्याची नळी तापवायची, तासलेल्या दांडीवर चढवायची आणि थंड झालं की टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून डोळे मिटून बाण भोवऱ्यासारखा गरकन फिरवायचा. पातं जरा जरी वाकडं असेल तर नखाला थरथर कळते. मग पुन्हा दिवा, पुन्हा डिंक, पातं अर्धा फेरा वळवून पुन्हा नख. डझनातले सहा तरी बाण असे परत दिव्यावर जायचे. यंदा एकही गेला नाही! अठ्ठेचाळीस आणि तुझे सहा, सगळे पहिल्या झटक्यात सरळ. नखावर असे फिरले की फिरताहेत हेसुद्धा कळू नये. तुझ्या मामीला, साइमाला म्हटलं, माणूस एकाहत्तराव्या वर्षी शिकतो तो असा. ती म्हणाली, तिला कणीक मळायची आहे.

खांदा तसाच आहे, धनुष्य ओढवत नाही. पण कॅम्पमध्ये शेगडीजवळची खाट बाण बसवणाऱ्याची असते आणि तो मान अजून माझा आहे. फेब्रुवारीत बर्फावर मासे धरताना अंगठा गारठला होता ते तुला मामीने कळवलं असेलच. नख गळून गेलं, आता नवं आलंय, जाड, बैलाच्या खुरासारखं. दुखत अजिबात नाही.

आर्वो छान सराव करतोय. तीस पावलांवरून ताटलीएवढ्या खुणेत पाचापैकी पाच. अर्थात सरावाची गोल टोकं लावून. पात्याचे बाण सरावाला मारायचे नाहीत, धार जाते, हा माझा नियम आहे आणि तो सगळे पाळतात. तुमची आई गेल्यावर तुम्हा दोघांना घरी आणलं तेव्हा तुझा भाऊ पाच वर्षांचा होता आणि चमचाही सरळ धरत नव्हता. आता चौतिशीत आलाय, लाकडांचा ट्रक हाकतो, पण बाणाने एक हरीण अजून त्याच्या नावावर नाही. कॅम्पमधले त्याला हसतात. यंदा हसणार नाहीत.

मामीने वेलचीचा पाव ठेवलाय खोक्यात. बाणांना चिकटला असेल तर बाण धुऊ नकोस, पुसून घे.

तुझा
ओन्नीमामा


फ्लिंट
१४ सप्टेंबर १९६९

प्रिय मामा,

बाण पोहोचले. पाव बाणांना चिकटला नव्हता, बाण पावात घुसले होते. दोन्ही सुखरूप आहेत.

फोन केला असता, पण तुमच्या सामायिक लाइनवर शेजारच्या कोस्कीबाई ऐकत असतात आणि मधेच मला विचारतात की लग्नाचं काय. म्हणून पत्र.

चोपन्न बाण पहिल्या झटक्यात सरळ! कारखान्यात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी दिवसभर गिअरचे दांडे यंत्रावर फिरवते आणि डायलचा काटा हलतो का बघते. शंभरातले चार तरी परत पाठवते. म्हणून तपासणी खात्यात मला कुणी डबा खायला बोलावत नाही. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, दांडा वाकडा आहे हे तुम्हाला न मोजता कसं कळलं? मी म्हटलं, मामाने शिकवलं, नखावर. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं होतं.

आर्वोचं पत्र आलं. चार ओळींचं, त्यातल्या तीन हरणाबद्दल. 'ताई, यंदा पक्कं' असं लिहिलंय आणि पक्कंखाली दोन रेघा ओढल्यात. मामा, त्याला जरा सांभाळून घ्या. तुमची थट्टा बाकीच्यांना लागत नाही, त्याला लागते. तो तुमच्याकडेच बघून मोठा झालाय.

बाण भिंतीवर टांगले. या वेळी पडद्याचे दांडे कुणी म्हटलं नाही. घरमालकीण म्हणाली, छत्र्या आहेत का?

तुमची
एल्मा


कॅम्पवरून
९ ऑक्टोबर १९६९

एल्मा,

शेगडीजवळच्या खाटेवर बसून लिहितोय. बाहेर चार माणसं लाकडं फोडताहेत, कारण शिकार करणं त्यांना जमत नाही हे सिद्ध झालेलं आहे.

हंगाम सुरू होऊन नऊ दिवस झाले आणि भिंतीवर चार तुकडे लागले. कॅम्पचा नियम तुला माहीत आहे: हरणावर बाण चुकला की शर्टाच्या मागच्या घोळाचा तुकडा कापायचा, नाव-तारीख घालून भिंतीवर ठोकायचा. गेल्या सहा वर्षांत मिळून तीन तुकडे लागले होते. या नऊ दिवसांत चार!

पहिला ऑस्कर न्हाव्याचा. वीस पावलांवर हरीण उभं, आणि याचा बाण उजवीकडे बर्चच्या झाडात. म्हणतो, 'ओन्नी, बाण वळला.' मी म्हटलं, वस्तरा कधी वळतो का? मग बाण कसा वळेल? दुसरा आणि तिसरा दोन्ही मेल्विनचे. मेल्विन खाणीत विजेचं काम करतो, त्याचे हात थरथरत नाहीत म्हणे. दोनदा चुकला, एकदा वर, एकदा खाली. निदान सातत्य तरी असावं माणसात. चौथा स्टॅन्ली दूधवाल्याचा. त्याच्या शर्टात आता कापायला फार काही उरलेलं नाही, तो आधीच आखूड होता.

तिघंही एकच रडगाणं गातात: बाण नीट सुटला आणि मधेच वळला. नाचता येईना अंगण वाकडं. मी परवा रात्रीच्या जेवणाआधी भात्यांमधले सगळे बाण बाहेर काढले, शेगडीपाशी बसलो आणि एकेक नखावर फिरवून दाखवला. एकही थरथरला नाही. सगळे बघत होते. मी म्हटलं, आता कोणाला काय म्हणायचंय? सगळ्यांनी आपापले बाण उचलून परत भात्यांत ठेवले. माझा बाण दुसऱ्याने फिरवून बघायचा नाही, ही कॅम्पची जुनी रीत आहे. ते म्हणजे वाढणारीच्या समोर रस्सा हुंगून बघण्यासारखं.

आर्वोचा तुकडा अजून लागलेला नाही. त्याने अजून बाण सोडलेला नाही. तो वाट बघू शकतो, एवढं तरी त्याला माझ्याकडून मिळालंय.

ओन्नीमामा


ओटर हॉलो
२१ ऑक्टोबर १९६९

एल्मा,

मी घरी आलो. हंगाम बाकी आहे, पण मी आलो.

चौदा तारखेला सकाळी आर्वोने बाण सोडला. आठ फाट्यांच्या शिंगांचा नर, अठरा पावलं. बाण छातीत लागायचा तो मागे, पोटात लागला. नर पळाला. आम्ही पाचही जणांनी दोन दिवस माग काढला. पहिल्या दिवशी रक्ताचे थेंब होते, दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि काहीच उरलं नाही. आर्वो तिसऱ्या दिवशीही एकटा गेला, काळोख पडल्यावर परत आला, गुडघ्यापर्यंत दलदलीने भरलेला.

अशा वेळी शर्ट कापत नाहीत. चुकणं हसण्यावारी न्यायचं असतं, हे नाही. ते जनावर कुठेतरी तीन दिवस मरत होतं.

जेवताना आर्वो म्हणाला, 'मामा, बाण सुटला तेव्हा बरोबर होता. मधेच त्याने मान वळवली.'

मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'बाणाला मान नसते. मान शिकाऱ्याला असते, आणि ती त्याने खाली घालावी.'

त्याने घातली. सकाळी त्याने धनुष्य दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं आणि निघून गेला. दोरी न उतरवता. दोरी चढवलेलं धनुष्य टांगून ठेवलं की त्याचं लाकूड मरतं, हे त्याला मीच शिकवलंय. मी उतरवली नाही. ज्याचं त्याने बघावं.

मी कडक बोललो असेन. पण बोललो ते खरं होतं. बाण मी स्वतः बसवला होता.

मामी बरी आहे. ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

ओन्नीमामा


फ्लिंट
२७ ऑक्टोबर १९६९

प्रिय मामा,

आर्वोचा फोन आला होता, पेट्रोल पंपावरून. अकरा मिनिटं चालला, त्यातली नऊ तो गप्प होता. उरलेल्या दोनात म्हणाला की मी पुन्हा कॅम्पला जाणार नाही, आणि मामाच्या बाणाची मी लाज घालवली. त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. मामाच्या बाणाची मी लाज घालवली.

तो रडत नव्हता. रडला असता तर बरं वाटलं असतं.

मी तुमच्याशी भांडायला लिहीत नाहीये. एक छोटी गोष्ट विचारायची आहे. फेब्रुवारीत गारठला तो कुठला अंगठा? आणि आता त्याला कळतं का, म्हणजे गरम-गार?

भिंतीवरचे बाण मी काल खाली काढलेत. सहज.

तुमची
एल्मा


ओटर हॉलो
३ नोव्हेंबर १९६९

एल्मा,

डावा. बायका अंगठ्याची चौकशी का करतात हे मला कधी कळलेलं नाही. तुझी मामीही डॉक्टर डॉक्टर करत असते. अंगठा ठणठणीत आहे. दुखत नाही, ठणकत नाही, थंडी वाजत नाही. परवा कॉफीची किटली उचलली, तिची कडी लालभडक तापलेली होती. मला जळल्याचा वास आला, वाटलं पाव करपला. मामीने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं की तो मी होतो. तरीही काही नाही! चाळिशीत हाच अंगठा एवढ्यावर आठवडाभर बोंबलला असता. आता त्याला जगाची सवय झालीय.

आर्वोबद्दल. मी त्याच्या घरावरून दोनदा गेलो. ट्रक बाहेर उभा होता. मी थांबलो नाही, कारण काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही, आणि दुसरं काही बोलायला तो बाहेर येणार नाही.

ऑस्करने निरोप पाठवलाय की पुढच्या वर्षी ते सगळे गावातल्या दुकानातून तयार बाण घेणार आहेत. ओन्नीला त्रास नको म्हणून, असं म्हणाला. चाळीस वर्षांनी त्यांना माझ्या त्रासाची आठवण झाली. दुकानातले बाण घेतले तर मला कॅम्पमध्ये काय काम? धनुष्य ओढवत नाही, लाकूड फोडवत नाही. शेगडीजवळच्या खाटेवर नुसता म्हातारा ठेवतात का कुणी? कॅम्प ऊबदार असतो गं, एवढंच.

बाण खाली का काढलेस?

ओन्नीमामा


फ्लिंट
१२ नोव्हेंबर १९६९

प्रिय मामा,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. चौथं फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तुमचे सहा बाण मी कारखान्यात नेले आणि सुट्टीच्या वेळात यंत्रावर फिरवले. सहापैकी पाच वाकडे आहेत, मामा. थोडे नाहीत. सर्वांत वाकड्याचं टोक तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढं बाजूला फिरतं. सहावा सरळ आहे, अगदी सुतासारखा. घरी येऊन मी डोळे मिटून माझ्या नखावर फिरवले. वाकडे बाण असे थरथरतात की दात शिवशिवतात.

तुमच्या डाव्या अंगठ्याला किटली कळली नाही, तर पातं कसं कळणार? यंदा एकही बाण परत दिव्यावर गेला नाही, कारण यंदा नख बोललंच नाही. दरवर्षी पहिल्या झटक्यात निम्मे वाकडेच बसायचे, तुम्ही ते शोधून नीट करायचात. तुमची खरी करामत ती होती. गोल टोकाच्या सरावाच्या बाणाला थोडा वाकडेपणा चालतो, पण पातं वाकडं असलं की हवेत पंखासारखं बाणाला ओढून नेतं. हेही तुम्हीच शिकवलंत.

ऑस्कर, मेल्विन, स्टॅन्ली खरं सांगत होते. आर्वो खरं सांगत होता. बाणाने मान वळवली.

मी हे लिहू नये असं मला फार वाटलं. तुम्हाला शेगडीजवळची खाट किती महत्त्वाची आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती माझ्या पत्राने जाईल अशी भीती वाटते. पण मी नऊ वर्षांची असताना माझ्या पहिल्या बाणाचं पातं वाकडं बसलं होतं आणि मी म्हटलं होतं, मामा, एवढंसं चालेल ना? तुम्ही म्हणाला होतात, बाणावर दया करू नये एल्मा, तिची किंमत हरीण देतं. मी त्या वाक्यावर नोकरी करते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. मामीला म्हणा, अंगठा पुढे कर. तिच्या नखावर फिरवा आणि तिचं तोंड बघा.

सहाही बाण परत पाठवते आहे. आर्वोला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

तुमचीच
एल्मा


ओटर हॉलो
२६ नोव्हेंबर १९६९

अगं एल्मा,

तू त्याला लिहिलंस तरी काय? उद्या थँक्सगिव्हिंग, माझी टर्की भिजत पडलीय, आणि हा माणूस दहा दिवस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. तसा आधीही फार बोलत नव्हता, पण आधी 'मीठ दे' तरी म्हणायचा.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचून त्याने ते खिशात ठेवलं, दाखवलं नाही. मग मला म्हणाला, 'साइमा, हात धुऊन ये आणि अंगठा पुढे कर.' मला वाटलं डोकं फिरलं. चुलीवर रस्सा, आणि मी शेडमध्ये अंगठा धरून उभी! त्याने एक बाण माझ्या नखावर फिरवला. मी म्हटलं, 'अगं बाई, हा तर गुदगुल्या करतो.' तो म्हणाला, 'दुसरा बघ.' मी म्हटलं, 'हाही.' तिसरा, चौथा... अगं, कॅम्पवरून आणलेले राहिलेले सगळे एकेचाळीस आणि तुझे सहा. खोटं कशाला सांगू, पाच-सात बरे होते. बाकी सगळे थरथरत होते. मी प्रत्येकाला गुदगुल्या म्हणत गेले आणि तो मान हलवत एकेक बाजूला ठेवत गेला. शेवटी माझ्या नखाची साल निघाली आणि रस्सा आटून तळाला लागला. त्याने तो गुपचूप खाल्ला. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

आता दिवसातून दोनदा सौनाच्या वाफेत जाऊन बसतो. अंगठा गरम दगडाजवळ धरतो आणि बघत राहतो. आज सकाळी कात्री कुठे आहे म्हणून विचारलं. हा त्याचा दहा दिवसांतला पहिला शब्द, कात्री. मी सगळ्या कात्र्या लपवून ठेवल्यात.

लगेच लिही. नाहीतर ये.

तुझी
साइमामामी


ओटर हॉलो
१० डिसेंबर १९६९

एल्मा,

मामीने कात्र्या लपवल्या म्हणून मेंढ्या कातरायची कातरी वापरली. म्हणून कड सरळ आलेली नाही.

झालं ते क्रमाने सांगतो. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आर्वोकडे गेलो. तो ट्रकखाली होता, फक्त बूट दिसत होते. मी बुटांना म्हटलं, 'बाहेर ये, तुझा डावा अंगठा हवाय.' बूट बराच वेळ हलले नाहीत. मग तो आला. मी त्याच्या भात्यातला उरलेला एक बाण त्याच्या नखावर फिरवला. तो बघत राहिला.

'हा?' म्हणाला.

'हा नाही. जवळजवळ सगळे.'

'पुन्हा फिरवा.'

मी पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा त्याने स्वतः फिरवला. मग मी जे म्हणायला गेलो होतो ते म्हटलं. म्हटलं, 'बाणाला मान असते. मी ती वाकडी बसवली होती. सगळ्यांसमोर तुझी खाली घातली, ती माझी घालायला हवी होती.' एवढं बोलायला मला दीड महिना लागला. वाटेत गाडी चालवताना पाठ केलं होतं.

तो परत ट्रकखाली गेला. मी उभा राहिलो. आतून पाना पडल्याचा आवाज आला, पण नट फिरवत होता असं वाटलं नाही. बऱ्याच वेळाने आतूनच म्हणाला, 'कॉफी घेणार का मामा?'

परवा त्याच्याच ट्रकमधून आम्ही कॅम्पला गेलो. मागे ऑस्कर, मेल्विन आणि स्टॅन्ली. बर्फ कमरेएवढं, शेवटचा मैल चालत. मी भिंतीवरचे यंदाचे चारही तुकडे काढून ज्याचे त्याला परत दिले. ऑस्कर म्हणाला, 'आता हा शिवायचा कुठे?' मी म्हटलं, तुझं तू बघ. मग मी माझा लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट काढला आणि मागच्या घोळाचे चार तुकडे कापले, चार चुकांचे चार. प्रत्येकावर 'ओन्नी, १९६९' लिहून एका रांगेत ठोकले. यंदा अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मी सारवलं होतं. कोणी हसलं नाही. मेल्विन म्हणाला, 'ओन्नी, शर्ट घाल, निमोनिया होईल.' तो शर्ट आता कमरेच्या वरच संपतो. मामीने बघितलाय. त्याबद्दल ती वेगळं लिहील.

पाचवा तुकडा कापला नाही. त्या नराला शर्टाने काही फरक पडत नाही. तो मला रोज आठवतो, सौनात जास्त. तो माझ्याच नावावर आहे.

आर्वोने खिळ्यावरचं धनुष्य काढलं, दोरी उतरवली. लाकूड थोडं वाकून राहिलंय. डोळ्यासमोर धरून बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, 'चालेल.' परत टांगलं, पण दोरी उतरवून. जो पुन्हा येणार नसतो तो दोरी उतरवत नाही.

आता कामाचं. दुकानातले बाण कोणी घेणार नाही, हे त्या दिवशी ठरलं. डिंक, दिवा आणि तासणं मला अजून येतं, नख मात्र येत नाही. मामीचा अंगठा तिने कायमचा परत घेतलाय. आर्वोचा अंगठा खडबडीत आहे, ट्रकचा. म्हणून मी कॅम्पपुढे मांडलं की पुढच्या सप्टेंबरात एल्माला बोलवावं. स्टॅन्ली म्हणाला, कॅम्पमध्ये बाई कधी आलेली नाही. मी म्हटलं, कॅम्पमध्ये पंचावन्न वाकडे बाणही कधी आले नव्हते. मतं घेतली. चार विरुद्ध एक. स्टॅन्लीने नंतर आपलं मतही फिरवलं, कारण तुझ्या मामीचा पाव तुझ्याबरोबर येईल असं आर्वोने त्याला सांगितलं.

शेगडीजवळची खाट बाण बसवणाऱ्याची असते. बसवणारा मी, पण सरळ की वाकडा ते सांगणारी तू. म्हणून खाट तुझी. मी खिडकीखाली झोपेन, तिथे वारा येतो पण अंगठ्याला तो कळत नाही.

एक राहिलं. तू लिहिलंस, सहापैकी पाच वाकडे, सहावा सुतासारखा सरळ. तुझे सहाही मामीच्या नखावर फिरवले. सहाव्याला ती सगळ्यांत मोठ्याने ओरडली. मग आर्वोच्या नखावर, मग ऑस्करच्या. इतकी वर्षं मी तुला शिकवलं असं समजत होतो. तुला यंत्र दिलंय, डायल दिलाय, काटा दिलाय, आणि तू म्हाताऱ्यावर दया केलीस. पुन्हा असं केलंस तर खाट परत घेईन.

ओन्नीमामा


फ्लिंट
१६ डिसेंबर १९६९

प्रिय मामा,

पकडलंत. सहावाच सगळ्यांत वाकडा होता. तीन पोस्टकार्डांचा तोच.

आणि तुम्ही पंचावन्न वाकडे बाण लिहिलंत. बाण चोपन्न होते, आणि मामी म्हणते त्यातले पाच-सात बरे होते. स्वतःला जास्त वाईट म्हणणं हेही चुकीचं माप आहे. दुरुस्त करा.

साहेबांकडे सप्टेंबरातली सुट्टी मागितली. कारण काय लिहू म्हणाले. मी लिहिलं, अंगठ्याचं काम.

येते. खाट शेगडीपासून हातभर लांब सरकवा, मला उकडतं. आणि खिडकीखाली झोपू नका मामा. शेगडीच्या दुसऱ्या बाजूला एक खाट मावते, मी लहानपणी मोजली होती.

तुमची
एल्मा